जोड्या पाठ करू नका, आधी जोड्या फोडा

प्रश्न : ताई, नमस्कार. माझं शिक्षण मराठी माध्यमातून झालंय आणि आता ऑफिसात दिवसभर इंग्रजीत बोलावं लागतं. वाचलेलं सगळं समजतं, पण बोलताना सारख्या वाटणाऱ्या शब्दांत गल्लत होते. म्हणून मी एक वही केली, डावीकडे एक शब्द, उजवीकडे त्याचा जोडीदार. बॉरो-लेंड, सिन्स-फॉर, बाय-अनटिल, हिअर-लिसन, लेस-फ्युअर, हिस्टॉरिक-हिस्टॉरिकल, असं करत वही भरत आली. सगळं पाठ आहे. तरी परवा मीटिंगमध्ये मी 'आय विल सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे' म्हणाले तर मॅनेजरने विचारलं, शुक्रवारपर्यंत रोज पाठवत राहणार का? सगळे हसले आणि माझं चुकलं काय तेच मला कळलं नाही. पाठ असूनही नेमका उलटाच शब्द तोंडात का येतो? लक्षात ठेवायची काही ट्रिक आहे का? आणि स्पेलिंग ब्रिटिश धरू की अमेरिकन? - एक वाचक

उत्तर :

नमस्कार. तुमचं पत्र वाचून पहिली गोष्ट मनात आली ती ही की तुमची मेहनत कमी पडत नाहीये, मेहनतीची पद्धतच तुम्हाला पाडतेय, आणि हे मी धीर द्यायला म्हणत नाहीये, यावर खरंच अभ्यास झालेले आहेत. टिंकहॅम नावाच्या संशोधकाने १९९३ साली आणि नंतर रॉब वेअरिंगने १९९७ साली जपानी भाषकांना घेऊन हे तपासून बघितलं की अर्थाने एकमेकांच्या जवळचे नवीन शब्द एकत्र शिकवले तर काय होतं. आपल्याला वाटतं की सोपं जात असेल, एकाच जागी सगळं मिळतंय ना, पण झालं उलटं, एकमेकांशी संबंध नसलेले शब्द लोकांनी लवकर उचलले आणि जवळच्या अर्थाचे शब्द शिकायला जास्त वेळ लागला, कारण ते डोक्यात एकमेकांत मिसळतात. म्हणजे बॉरो आणि लेंड एकाच दिवशी, एकाच ओळीत, समोरासमोर पाठ केले की डोकं काय लक्षात ठेवतं, तर 'हे दोन शब्द एकत्र असतात आणि त्यातला एक घेण्याचा आणि एक देण्याचा आहे', पण कुठला घेण्याचा हे ऐनवेळी सुटतं. वहीत बघून सांगायला बसलात तर बरोबर सांगाल, पण मीटिंगमध्ये तेवढा वेळ कोण देतं?

म्हणून ट्रिक विचारलीत तर माझ्याकडे एकच आहे, जोडी फोडायची. दोनातला जो शब्द तुम्हाला जास्त लागतो तो एकटाच घ्या आणि जोडीदाराचं नावच काढू नका, तो शब्द न अडखळता तोंडात यायला लागला की मगच दुसऱ्याकडे जा. उदाहरणार्थ बॉरो घ्या. रोज कामात काय म्हणावं लागतं, 'कॅन आय बॉरो युवर चार्जर', 'आय बॉरोड धिस फ्रॉम हर'. बॉरोच्या मागेपुढे काय येतंय बघा, 'आय' आहे आणि 'फ्रॉम' आहे. जो बोलतोय तोच घेतोय. हे वाक्य पक्कं झालं की लेंडचं काम आपोआप सोपं होतं कारण एक खुंटा घट्ट रोवलेला आहे, जे बॉरो नाही ते लेंड, 'कॅन यू लेंड मी युवर चार्जर', इथे 'यू' आहे आणि लगेच 'मी' आहे. 'बॉरो मी युवर चार्जर' असं जे होतं ते का होतं, तर मराठीत आपण 'उसनं घेणं' आणि 'उसनं देणं' म्हणतो, मुख्य शब्द उसनं हा एकच आणि दिशा क्रियापद दाखवतं, इंग्रजीत मात्र दिशा त्या शब्दाच्या पोटातच आहे.

आणि इथेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे उलटा शब्द का येतो याचं निम्मं उत्तर आहे. तुमच्या वहीत डावीकडे इंग्रजी आणि उजवीकडेही इंग्रजी आहे, पण चूक होते ती या दोघांच्या मध्ये नाही, ती होते तुमच्या मनातल्या मराठी शब्दापासून निघताना. आपण विचार मराठीत करतो (त्यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही, करायलाच हवा), आणि मराठीत जिथे एका शब्दात काम भागतं तिथे इंग्रजीने दोन-तीन शब्द करून ठेवले असतील तर आपण जो आधी हाताला लागेल तो उचलतो.

तुमचंच वाक्य बघा. 'शुक्रवारपर्यंत रिपोर्ट पाठवते' आणि 'शुक्रवारपर्यंत मी सुट्टीवर आहे'. दोन्हीकडे पर्यंत. मराठी माणसाला यात काहीच वेगळं वाटत नाही. पण नीट बघितलं तर पहिल्या वाक्यात काम एकदाच होणार आहे, शुक्रवार ही फक्त शेवटची मुदत आहे, बुधवारीही पाठवू शकता. दुसऱ्या वाक्यात सुट्टी सलग चालू आहे आणि शुक्रवार आला की संपते. इंग्रजी या दोन 'पर्यंत'ना वेगळं धरते, मुदत असेल तर 'बाय फ्रायडे', सलग चालू राहणारं असेल तर 'अनटिल' किंवा 'टिल फ्रायडे'. त्यामुळे तुमच्या मॅनेजरने जे विचारलं तोच त्या वाक्याचा इंग्रजीतला अर्थ निघत होता, पाठवत राहीन. बोलायच्या आधी मनात एवढंच विचारायचं, हे काम एकदा होऊन संपणारं आहे की तोवर चालू राहणारं? आणि नकार आला की जरा थांबा, कारण 'आय वोन्ट सेंड इट अनटिल फ्रायडे' म्हणजे शुक्रवार उजाडल्याशिवाय पाठवणारच नाही, ते न पाठवणं चालू राहतंय ना, म्हणून तिथे अनटिल बरोबर आहे.

सिन्स आणि फॉरची गोष्ट अगदी याच्या शेजारची आहे, तिथे आपला 'पासून' आडवा येतो. 'सोमवारपासून' आणि 'दोन वर्षांपासून', दोन्ही आपण बिनदिक्कत म्हणतो आणि मग इंग्रजीत 'सिन्स टू इयर्स' होतं, जे इतक्या जणांच्या तोंडी असतं की कानाला खटकतही नाही. सिन्सला सुरुवातीचा ठिपका लागतो, सोमवार, २०१९, सकाळ, लग्न झालं तो दिवस. फॉरला लांबी लागते, दोन वर्षं, तीन तास, खूप दिवस. 'आय हॅव वर्क्ड हिअर सिन्स २०१९', 'आय हॅव वर्क्ड हिअर फॉर टू इयर्स'. दोन्हीकडे 'हॅव वर्क्ड' आहे हेही बघून ठेवा, कारण आपण 'आय ऍम वर्किंग हिअर सिन्स' असं म्हणतो तेही 'मी काम करतेय' हे मराठी वाक्य जसंच्या तसं उचलल्यामुळे.

'ऐकणं' हा तर फार मोठा सापळा आहे आणि फोनवर काम करणाऱ्यांनी तो आधी सोडवावा असं मला मनापासून वाटतं. आवाज कानावर पडतो ते हिअर, आपण लक्ष देऊन ऐकतो ते लिसन, आणि लिसनला पुढे 'टू' लागतं. आता नेटवर्क गेलं आणि तुम्ही समोरच्याला 'आय ऍम नॉट लिसनिंग टू यू' म्हणालात तर त्याला ऐकू काय जातं, तर 'मी तुमच्याकडे लक्ष देत नाहीये', म्हणजे बिचारी लाईन खराब आणि उद्धट ठरलात तुम्ही. 'आय कान्ट हिअर यू' म्हणायचं. 'बघणं' पण तसंच, नजरेला पडलं ते सी, मुद्दाम नजर वळवली ते 'लुक ऍट', आणि हलणारं, बदलत जाणारं काही वेळ देऊन बघितलं, मॅच म्हणा, मुलं खेळताना म्हणा, ते वॉच.

'अजून' विसरू नका, तुमच्या यादीत तो नाही पण असायला हवा होता, कारण मराठीतला हा एक शब्द इंग्रजीत तिघांचं काम करतो. 'तो अजून इथेच आहे' हे स्टिल, 'तो अजून आला नाही' हे यट, 'अजून दोन कागद दे' हे मोअर. यट बहुतेक वेळा नकारात आणि प्रश्नात बसतो आणि वाक्याच्या शेवटी जातो, 'ही हॅजन्ट कम यट'. तसंच 'बंद'. दार बंद, दिवा बंद, फोन बंद, आपल्याला सगळं एकच, म्हणून 'क्लोज द लाइट' होतं. क्लोज किंवा शट त्याला, ज्याला झाकण किंवा दार आहे, वीज बंद करायची ती 'टर्न ऑफ' किंवा 'स्विच ऑफ'. 'उंच'चंही असंच, माणूस, झाड, इमारत असेल तर टॉल, डोंगर, भिंत, छत असेल तर हाय.

आणि शंका! मराठीत शंका म्हणजे संशयही आणि प्रश्नही, सर मला एक शंका आहे म्हणजे मला काहीतरी विचारायचंय. डाउट मध्ये मात्र अविश्वासाची छटा आहे. ज्याने आपल्या पद्धतीचं इंग्रजी ऐकलेलं नाही अशा माणसासमोर त्याचं प्रेझेंटेशन झाल्यावर 'आय हॅव अ डाउट' म्हणालात तर त्याला वाटू शकतं की तुम्हाला त्याचं म्हणणंच पटलेलं नाही. 'आय हॅव अ क्वेश्चन' म्हणा, कुठेही चालेल.

से आणि टेलबद्दल थोडं जास्त लिहिते कारण इथे मराठी आपल्याला अर्धी मदत करते आणि अर्ध्यात दगा देते. म्हणणं म्हणजे से, सांगणं म्हणजे टेल, हे छान जुळतं. अडचण कुठे येते, आपण 'तो मला म्हणाला' असं सहज म्हणतो, म्हणून 'ही सेड मी' तोंडातून निघतं. इंग्रजीत सेच्या लगेच पुढे माणूस येत नाही, आणायचाच असेल तर मध्ये टू हवा, 'ही सेड टू मी', नाहीतर सरळ 'ही टोल्ड मी'. टेलला बहुतेक वेळा ऐकणारा माणूस लगेच पुढे हवाच असतो, 'ही टोल्ड दॅट' म्हणून थांबलात तर वाक्य लंगडं वाटतं. अपवाद आहेत, 'टेल द ट्रुथ', 'टेल अ लाय', 'टेल अ स्टोरी', तिथे माणूस नसला तरी चालतो, पण हे अपवाद नियम करून पाठ करू नका, त्या तीन तुकड्यांच्या रूपातच जिभेवर बसवा.

बोअर झालं चं काय होतं तेही बघा. 'मी बोअर झालो' आणि 'तो सिनेमा बोअर आहे' हे आता मराठीच झालंय, एकच बोअर. इंग्रजीत कंटाळा ज्याला आला तो बोर्ड आणि ज्याच्यामुळे आला तो बोरिंग. 'आय ऍम बोरिंग' म्हणजे माझ्या सहवासात लोक कंटाळतात. इंटरेस्टेड-इंटरेस्टिंग, कन्फ्यूज्ड-कन्फ्यूजिंग, टायर्ड-टायरिंग, सगळ्यांना हाच न्याय, त्यामुळे ही जोडी नीट कळली तर बाकीच्या फुकटात मिळतात.

आता तुमच्या वहीतल्या काही जोड्या अशा आहेत ज्यांची मी अजिबात काळजी करणार नाही, आणि तुम्हीही करू नये. लेस आणि फ्युअर. मोजता येतं तिथे फ्युअर, मोजता येत नाही तिथे लेस, असा नियम सगळीकडे सांगतात आणि फॉर्मल लिखाणात तो पाळावा हे खरं, कारण वाचणाऱ्यांपैकी काही जण त्यावरूनच तुमची परीक्षा घेतात. पण हा नियम आला कुठून, तर १७७० साली रॉबर्ट बेकर नावाच्या लेखकाने लिहिलं की मोजता येणाऱ्या गोष्टींना फ्युअर त्याला जास्त बरं वाटतं. आवड होती ती त्याची, पुढच्या व्याकरणवाल्यांनी तिचा कायदा केला. नवव्या शतकातल्या राजा आल्फ्रेडच्या लिखाणातसुद्धा मोजता येणाऱ्या गोष्टींना लेस लावलेलं सापडतं. आणि आजही अंतर, पैसे, वेळ यांना लेसच लावतात, 'लेस दॅन टेन माइल्स', तिथे फ्युअर म्हणालात तर उलट विचित्र वाटेल. त्यामुळे या जोडीवरून झोप घालवू नका, रिपोर्ट लिहिताना एकदा तपासा आणि सोडून द्या.

हिस्टॉरिक-हिस्टॉरिकल मध्ये एवढंच की इतिहासात नोंद होईल असं महत्त्वाचं ते हिस्टॉरिक, इतिहासाशी संबंधित काहीही ते हिस्टॉरिकल. इकॉनॉमिक अर्थव्यवस्थेचं, इकॉनॉमिकल काटकसरीचं. अफेक्ट बहुतेक वेळा क्रियापद आणि इफेक्ट बहुतेक वेळा नाम, बोलताना दोन्ही जवळजवळ सारखेच ऐकू येतात त्यामुळे ही अडचण लिहिण्यापुरतीच आहे. झालं.

एक तिसरा प्रकार मात्र तुमच्या वहीत दिसला नाही आणि ऑफिसच्या ईमेलमध्ये तोच जास्त लागतो, तो म्हणजे अर्थ एकच पण वजन वेगळं. आस्क आणि इन्क्वायर, बाय (म्हणजे विकत घेणं) आणि पर्चेस, बिगिन आणि कमेन्स. यामागे इतिहास आहे, १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढची काही शतकं दरबारात, कोर्टकचेरीत फ्रेंच चालली, सामान्य माणूस मात्र आपलं जुनं इंग्रजीच बोलत राहिला, मग दोन्ही शब्द भाषेत टिकले, घरचा शब्द जुना इंग्रजी आणि कचेरीचा शब्द फ्रेंचकडून आलेला. म्हणून आजही 'आय पर्चेस्ड अ पेन' व्याकरणाने बरोबर असूनही मैत्रिणीशी बोलताना ताठर वाटतं, जसं आपण गप्पा मारताना 'मी लेखणी खरेदी केली' म्हणणार नाही. खूप जण समजतात की अवघड शब्द वापरला की इंग्रजी चांगलं वाटतं, आणि मला हे ठामपणे सांगायचंय की असं नाहीये, साधा शब्द बसत असेल तर साधाच घ्या, 'द मीटिंग विल स्टार्ट ऍट टेन' यात काहीही कमी नाही.

आता वहीचं काय करायचं. टाकू नका, पण पानाची मांडणी बदला. पानाच्या वर मराठी शब्द लिहा, पर्यंत, पासून, ऐकणं, अजून, बंद, आणि खाली तुमच्या स्वतःच्या कामातलं, स्वतःच्या घरातलं एक एक अख्खं वाक्य इंग्रजीत लिहा, नुसता शब्द आणि अर्थ नको. जे. आर. फर्थ नावाच्या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने १९५७ साली मांडलेला मुद्दा हाच होता की शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून. पाऊस हेवी असतो, वारा स्ट्रॉंग असतो, आणि याचं कारण शोधत बसण्यात अर्थ नाही, ते शब्द एकत्र राहतात एवढंच. म्हणून अर्थ पाठ करण्यापेक्षा शेजारी पाठ करा, बॉरो फ्रॉम, लेंड टू, लिसन टू, बाय फ्रायडे. दुसरा शब्द त्याच पानावर लगेच लिहायचा मोह होईल, तो टाळा, पहिला पक्का होईपर्यंत जागा रिकामी ठेवा.

आणि डिक्शनरी बदला. इंग्रजी-मराठी कोश वाचताना उपयोगी आहे, पण बोलण्यासाठी तोच तुम्हाला फसवतो, कारण तो हिअर समोर पण 'ऐकणे' लिहितो आणि लिसन समोर पण 'ऐकणे' लिहितो. शिकणाऱ्यांसाठी केलेल्या इंग्रजी-इंग्रजी डिक्शनऱ्या वेगळ्या असतात. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे, तिथल्या विद्यार्थ्यांच्या अडचणी बघून त्यांनी डिक्शनरी केली, तीच पुढे १९४८ साली ऑक्सफर्डने काढली आणि आज ऑक्सफर्ड ऍडव्हान्स्ड लर्नर्स म्हणून ओळखली जाते. दुसरी कोबिल्ड, १९८७ साली बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या हाताखाली तयार झालेली, ती मला तुमच्यासाठी जास्त योग्य वाटते कारण ती अर्थच पूर्ण वाक्यात सांगते, म्हणजे अर्थ वाचता वाचता तो शब्द वाक्यात कसा बसतो तेही दिसतं. दोन्ही ऑनलाइन बघता येतात.

बोलताना मधेच लक्षात आलं की चुकीचा शब्द गेला, तर सॉरी सॉरी करत वाक्य मोडू नका, 'बाय फ्रायडे, आय मीन' एवढं म्हणून पुढे जा. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही बोलताना असंच सावरतात. आणि हसणाऱ्यांबद्दल, त्यातल्या किती जणांना बाय आणि अनटिल मधला फरक समजावून सांगता आला असता हे मला माहीत नाही, पण तुम्हाला आता येतो, आणि पुढच्या वेळी कोणी अडलं तर न हसता सांगा.

राहिला स्पेलिंगचा प्रश्न. ब्रिटिश की अमेरिकन, कुठलंही एक धरा, ऑफिसमध्ये जे चालतं ते धरलंत तर उत्तम, फक्त एकाच ईमेलमध्ये दोन्ही मिसळू नका. जोड्यांच्या बाबतीत याचा संबंध दोन ठिकाणी येतो. प्रॅक्टिस आणि लायसन्स. ब्रिटिश पद्धतीत हे नाम असतील तर सी ने लिहितात आणि क्रियापद असतील तर एस ने. अमेरिकन पद्धतीत प्रॅक्टिस दोन्ही वेळा सी ने आणि लायसन्स दोन्ही वेळा एस ने. म्हणजे अमेरिकन धरलंत तर या दोन जोड्या तुमच्या वहीतून आजच कमी झाल्या.